आपा, उन्हात दिसणारा मॉनिटर आणला

आपा, तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतीला, बायका कुराण पढून उठल्या आणि अम्मीनं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. तुझी खाट तिथंच होती, फक्त गादी उचलली होती. अम्मी खाटेच्या नुसत्या पट्ट्यांवर बसली आणि म्हणाली, "वर्षा, तू आन् ती दुनियेच्या शाद्या काढत फिरलात. माज्या लेकीचं हाय का त्यात कुटं? चालती-बोलती?"

बाबूभाई दारात उभे होते. फळगाडा दोन दिवसांपासून बंद होता, तरी त्यांच्या अंगाला पपईचा वास येत होता. ते म्हणाले, "अम्मी, आधारवरचा फोटो हाय की तिचा. मोठा करून आनतो."

"ती माजी लेक न्हाई," अम्मी म्हणाली. "ती कुनीतरी पकडून आनलेली बाई हाय."

तू असतीस तर भावाच्या तोंडाकडे बघून खो-खो हसली असतीस. त्या फोटोला 'फरार आरोपी' हे नाव तूच ठेवलं होतंस.

मी म्हटलं, "हाय अम्मी. एक हाय. घेऊन येते."

ते काय आहे हे मला 'हाय' म्हणतानाच ठाऊक होतं. पण त्या खोलीत 'नाही' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

लोकांना खरं वाटत नाही. आजच्या काळात, हातात फोन असताना, एका शूटिंगवाल्या बाईचा धड फोटो नाही? तुझ्या फोनवर तुझ्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होतं. तुमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात कॅमेरा तुझ्याच हातात. कुणी आपला फोन तुझ्याकडे वळवला की तू ओढणी तोंडावर घ्यायचीस आणि म्हणायचीस, "हलवाई स्वतःची जिलबी खात न्हाई." आजारी पडल्यावर तर प्रश्नच नव्हता.

मी चौसाळ्याची. घरातली पहिली पदवीधर. बीएस्सीचा निकाल लागला तेव्हा आण्णांनी हायवेवरच्या सगळ्या दुकानांत पेढे वाटले आणि पुढं ती पदवी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. मी बीडला फॉर्म भरत आणि परीक्षा देत राहिले. तेव्हा तू मला शोधलंस. तुमच्या लग्नांत बायका वेगळ्या बसतात, तिथं पुरुष कॅमेरावाला चालत नाही, म्हणून बायकांच्या बाजूची शूटिंग तू करायचीस. मेहुण्याच्या स्टुडिओत मिक्सिंग शिकलेली, हात चांगला बसलेला. नवीन कॅमेऱ्याच्या मेनूतलं इंग्रजी वाचून सांगायला मात्र तुला कुणीतरी पाहिजे होतं. तू सरळ चौसाळ्याला येऊन आमच्या ओट्यावर बसलीस.

"मामा, पोरगी द्या मला."

"द्या म्हंजे?" आण्णा म्हणाले. "मागणी घालायला आलीस का काय?"

"मागनीच हाय. पन हुंडा मी देनार. दर महिन्याला."

आण्णा हसले, मग आईला म्हणाले, भाकरी टाक हिला. त्या भाकरीवर माझं आयुष्य फिरलं, आपा. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. मी 'थँक्यू' म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, "ताप आला का गं?"

घरातली शूटिंग आपल्याला जमायची. हळद, मेंदी, बिदाई, दिव्यांच्या माळांखाली सगळं नीट दिसायचं. अडचण बाहेर गेल्यावर सुरू झाली. हल्ली नवरी मुलींना मोकळ्या जागी आपलं एकटीचं शूटिंग पाहिजे असतं, बहिणींबरोबर, पाण्याच्या काठी. पहिलं काम पालीच्या धरणावर मिळालं. पाऊस सरलेला, बिंदुसरा काठोकाठ भरलेली आणि ऑक्टोबरचं ऊन. कॅमेऱ्याच्या पाठीला काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा असतो. घरात त्यावर सगळं लख्ख दिसतं. त्या उन्हात तो पडदा म्हणजे काळी पाटी. त्यात आपलेच दोन चेहरे दिसत होते, तुझा आणि माझा.

नवरी अजून गाडीत होती. उजेड बघण्यासाठी कुणीतरी समोर उभं राहायला हवं होतं. तू पडद्यात डोकावून म्हणालीस, "अंधार लई हाय गं," आणि उजेडाचं चाक फिरवलंस. परत बघितलंस, परत फिरवलंस. अंधार कॅमेऱ्यात नव्हता, आपल्या डोळ्यांवरच्या उन्हात होता. पण तेव्हा दोघींनाही ते कळलं नाही. मग तू धरणाच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहिलीस. आयुष्यात पहिल्यांदा आपणहून कॅमेऱ्यासमोर, आणि ओढणी तोंडावर न घेता. मी बटण दाबलं.

पुढं नवरीलाही त्याच उजेडावर घेतलं. संध्याकाळी घरी येऊन संगणकावर बघितलं तर सगळं जळालेलं. आपल्या धंद्यात जळालेलं म्हणजे उजेड इतका जास्त की चित्र पांढरं पडलेलं. नवरीच्या ओठांची लाली तेवढी दिसत होती, बाकी चेहरा चुन्याच्या भिंतीसारखा. तू डोक्याला हात लावून बसलीस. आता पैसे परत मागतील, वर शिव्या देतील, या तयारीनं आपण त्यांच्या घरी गेलो.

नवरीच्या आईनं बघितलं आणि तिचा पदर डोळ्यांना गेला. "या अल्ला, किती गोरी दिसायली माजी पोरगी!"

मावशी, आत्या, शेजारणी, सगळ्या खूश. दुसऱ्या आठवड्यात त्याच गल्लीतून दुसरं काम आलं, "त्यांचं काढलं तसंच गोरं काढा" म्हणून. मला हसू आवरेना. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "आपा, चूक विकली गेली की. आता हीच आपली स्टाईल."

तू हसली नाहीस. "ती पोरगी सावळी हाय, वर्षू. तिच्या गालावर तीळ हाय. तिच्या नाकाला एक बाक हाय. कुटं गेलं सगळं?" आणि थोड्या वेळानं, "उद्या ती न्हाई ऱ्हायली तर तिची लेकरं काय बघतील? चुना?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं. आता ते मला सोडत नाही.

त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात मॉनिटर शिरला. कॅमेऱ्याच्या वर बसवायचा वेगळा पडदा, उन्हातही दिसेल असा. ज्यात चित्र जिथं जळतं तिथं तिरपे पट्टे सरकायला लागतात आणि आपल्याला आधीच कळतं. पट्ट्यांची गोष्ट मी इंग्रजीतून वाचून सांगितली तेव्हा तू लहान पोरीसारखी टाळी वाजवलीस. "म्हंजे ते ओरडून सांगनार, बाई गं, चेहरा चाललाय, सांभाळ!"

कपिलधारच्या कामाला आपण एका ओळखीच्याकडून असा एक मॉनिटर भाड्यानं आणला. मोठा, झगझगीत, भर दुपारी दहा पावलांवरून दिसेल असा. आणि तेच नडलं. धबधब्यावर आलेली पोरं आपल्या मागं गोळा झाली.

"ए, हिकडं ये बे! नवरी टीव्हीवर दिसायली!"

नवरीनं ते ऐकलं, पदर ओढला आणि जाऊन गाडीत बसली. तिची आजी आपल्याकडे अशी बघत होती, जणू आपणच तिला बाजारात उभी केली. काम तिथंच संपलं. धबधब्याखाली देवळाच्या पायऱ्यांवर बसून तू तुझा निकाल दिलास, "नुसता उजेड कामाचा न्हाई. मॉनिटरला बुरखा पायजे."

तुझा बुरखा म्हणजे हूड. पडद्याच्या चारी बाजूंनी काळं खोल कुंपण, त्यात डोकं घालून बघायचं. आत सावली, बाहेर कुणाला काही दिसत नाही. माझं म्हणणं वेगळं होतं. छोटा, हलका, पण खूप जास्त उजेडाचा घ्यावा, हूडबिड नको. माणसं हटवायला आपण समर्थ आहोत. आणि हूडमध्ये एकच डोकं मावतं. मग मी काय करायचं? आतापर्यंत प्रत्येक फ्रेम आपण दोघींनी मिळून बघितली होती, तुझी हनुवटी माझ्या खांद्यावर. हे शेवटचं कारण मी तुला सांगितलं नाही. मी पडद्याच्या उजेडाचे, निट्सचे आकडे सांगत राहिले.

या भांडणाचा निकाल लागायच्या आधी तुझं पोट दुखायला लागलं.

संभाजीनगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पोटात गाठ निघाली, आणि ती उशिरा सापडली. डॉक्टर चांगले होते, नीट समजावून सांगायचे. मी विज्ञान शिकलेली, मला त्यांचं सगळं समजायचं. न समजतं तर बरं झालं असतं. अम्मीला आणि बाबूभाईंना मी त्यातलं निम्मं सांगायचे आणि तू ते उरलेलं निम्मं माझ्या तोंडावरून वाचायचीस.

मग तू खाटेवर आणि मी खाली सतरंजीवर, फोन भिंतीला टेकवलेला, आणि मॉनिटरची माहिती देणारे व्हिडिओ चालू. हिवाळाभर आपण दुसरं काही केलं नाही. तुला बोलायला दम लागायचा, पण त्या माणसांशी भांडायला लागायचा नाही. एक पोरगा हसत-हसत म्हणाला, हा मॉनिटर उन्हात अप्रतिम आहे. तू उशीवरून डोकं उचललंस. "कावून खोटं बोलायला गं हा? खोलीत बसलाय की एशी लावून! ह्याला मांजरसुंब्याच्या घाटात उभा करा दुपारचं, मग इचारा."

मी इंग्रजीतल्या तक्रारी वाचून दाखवायचे. एक फार तापतो आणि खऱ्या उन्हात स्वतःच मंद होतो. एकाची बॅटरी दोन गाण्यांत संपते. एकाची वायर बसते ती जागा कच्ची आहे, जोरात ओढली की कॅमेराच कामातून जातो. तू डोळे मिटून ऐकायचीस आणि म्हणायचीस, "हा कट. पुढचा."

शेवटी दोन उरले. एक माझा, एक तुझा. माझा उजेडाचा, तुझा बुरख्याचा.

"ऊन आपल्या हातात न्हाई वर्षू," तू म्हणालीस. "उन्हाशी झगडून कोन जिंकलं? सावली करनं आपल्या हातात हाय."

"आणि फ्रेम दोघींनी कशी बघायची?"

"तू बघ की. मी बाहेर ऊन खात बसते." आणि मग, "हो म्हन एकदा. तुज्या तोंडातून ऐकू दे."

मी म्हटलं, "बघू."

पुढं तू भांडणाच्या पलीकडे गेलीस. औषधाच्या गुंगीत माणसं ओळखायचीस, पण मॉनिटरचं नाव निघालं नाही. मी 'बघू' म्हटलं, आपा, कारण भांडण चालू राहिलं तर तूही राहशील असं मला वाटत होतं. बीएस्सी झालेल्या मुलीला असं वाटू नये, पण वाटत होतं.

जियारतीनंतर मी तुझावाला मॉनिटर मागवला. हरलेल्या माणसानं मागवावा तसा नाही, तुझं ऐकावं म्हणूनही नाही. अम्मीला 'हाय' म्हणून आले होते, त्यासाठी. फोनच्या पडद्यावर ते चित्र मी अम्मीला दाखवू शकत नव्हते. मोठ्या, चांगल्या पडद्यावर, सावलीत बघितलं तर काही दिसेल, एवढीच आशा होती.

ती आशा खोटी आहे हेही माहीत होतं. ते एकच चित्र. पालीची भिंत, ऑक्टोबर, तू. सगळी जळालेली फीत आपण पुसली होती. हा तुकडा मात्र तू मुद्दाम ठेवला होतास, आपली चूक आपल्याला दिसत राहावी म्हणून. मी तो कितीतरी वेळा उघडला. त्यात तुझ्या काळ्या ओढणीची वीण न वीण दिसते. वाऱ्यानं उडणाऱ्या घड्या, काठाचा धागा सुटलेला, हातातल्या बांगड्या, सगळं. काळं सगळं वाचलं, आपा. चेहरा तेवढा गेला. ओढणीच्या चौकटीत एक पांढरा डाग आहे आणि त्यातून तुझा आवाज येतो.

मला येतं ते सगळं मी केलं. उजेड उतरवला, तर पांढऱ्याचं राखाडी झालं, चेहरा झाला नाही. बिंदुसरा भरली की पाणी भिंतीवरून जातं. गेलेलं पाणी धरणाला मागून मिळत नाही. कॅमेऱ्याचंही तसंच आहे. तुझे डोळे त्या दुपारी भिंतीवरून वाहून गेले आणि जगातलं कुठलंही यंत्र ते परत आणू शकत नाही. हे मी शिकलेलं आहे. शिकले नसते तर अजून प्रयत्न करत बसले असते, आणि ते बरं झालं असतं की वाईट, मला सांगता येत नाही.

अम्मीकडे जायच्या आधी मी मॉनिटर घेऊन एकटीच पालीला गेले. दुपारची वेळ, तीच भिंत. आता पाणी खाली गेलंय, चिखलाला भेगा पडल्यात. हूडमध्ये डोकं घातलं. आत थंड काळोख आणि त्यात समोरचं सगळं स्वच्छ, दगडावरचं शेवाळसुद्धा. मी मुद्दाम उजेडाचं चाक फिरवलं तसे पट्टे सरकायला लागले. तू म्हणाली होतीस तसंच, ओरडून सांगत होते. तू बरोबर होतीस. मी तिथं मोठ्यानं "हो" म्हटलं. म्हशी धुणारा एक माणूस वळून बघायला लागला.

जुन्या पडद्यात निदान आपले दोघींचे चेहरे दिसायचे. ह्यात माझाही दिसत नाही.

काल अम्मीसमोर कॅमेरा ठेवला. पट्टे आधीच बंद करून टाकले, नाहीतर तुझ्या सगळ्या चेहऱ्यावरून सरकत राहिले असते. अम्मीनं हूडमध्ये डोकं घातलं. मी बटण दाबलं. तुझा आवाज आला, "झालं का गं? का सुकवती मला पापडावानी?" आणि ते हसणं.

अम्मीचे खांदे हलले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं बोट आत नेऊन पडद्याला लावलं, तशी चित्रावर मेनूची खिडकी उघडली. ती मी घाईघाईनं बंद केली. तिनं परत बघितलं. मग परत. मला वाटलं, आता ती म्हणेल, किती गोरी दिसायली. नवरीच्या आईसारखं. मी त्याची तयारी केली होती. तसं म्हणाली असती तर मी मान डोलावणार होते.

अम्मीनं डोकं बाहेर काढलं. "आवाज तिचाच हाय. डोळं कुटं हायेत गं?"

"ऊन लई होतं अम्मी," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. "मग सावलीत उभं करायचं की गं माज्या लेकीला."

 एवढे व्हिडिओ, एवढे आकडे, एवढं भांडण, आणि अम्मीनं एका वाक्यात निकाल दिला. तुझ्या बाजूनं. भिंतीच्या पलीकडेच लिंबाचं झाड आहे, आपा. तेव्हाही होतं.

"बंद कर," अम्मी म्हणाली. तिनं उशाखालून तुझं आधार कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "हाच मोठा करून आन. ह्यात डोळं तरी हायेत."

आज सकाळी मी ते घेऊन फोटोच्या दुकानात गेले. एवढा छोटा फोटो मोठा केला की त्याचे चौकोन चौकोन होतात. कपाळ फुटल्यासारखं दिसतं, गालाच्या कडा विरतात. पण डाव्या भुवईखालचा तुझा व्रण आहे. ओठ घट्ट मिटलेले आहेत. तू कॅमेऱ्यावर चिडलेली आहेस, आणि मला, आता बघताना, ते डोळे ओळखू येतात. एखादी नवरी उगाच लाजायला लागली की तू असंच बघायचीस.

दुकानदारानं चित्र पडद्यावर ताणलं, मान कलती केली आणि म्हणाला, "ताई, चेहरा जरा उजळून देऊ का? घरच्यांना बरं वाटंल."

त्याचा हात माउसच्या चाकावर होता. मी तो धरला.

"न्हाई भाऊ," मी म्हटलं. "आहे तेवढं राहू द्या."